आमच्या घरात फराळाला 'चुरा' म्हणतात

आमच्या घरात दिवाळीच्या फराळाला 'चुरा' म्हणतात.

हे मी चारचौघांत कधी बोललो नव्हतो. शाळेत नाही, गोदीत नाही, कवितेत तर नाहीच नाही. कवितेत मी सूर्य लिहिला, आग लिहिली, वेशीबाहेरचा अंधार लिहिला. चुरा लिहिला नाही. लाज वाटायची. आता कळतंय की ही लाज माझी नाहीच, दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि मी ती फुकट वाहतोय. ओझी वाहणं हा माझा धंदा आहे. पण त्याची मजुरी मिळते. ह्याची कोण देणार?

2024 च्या दिवाळीची गोष्ट. गोदीला दिवाळी नसते. बोट धक्क्याला लागली की माल उतरलाच पाहिजे, मग पाडवा असो की अमावस्या. जेवणाच्या सुट्टीत आमच्या टोळीनं पोत्यांना टेकून कागद अंथरला आणि घरचे डबे उघडले. सावंतवाडीकडच्यानं पुडी सोडली, म्हणाला, नेवऱ्या घ्या. नगरवाला म्हणाला, ह्याला कानवले म्हणतात लेका. दादरला वाढलेला मुकादम हसला, म्हणाला, अरे करंजी म्हणा, करंजी. सांगलीवाल्याचा चिवडा चुरमुऱ्याचा. अकोल्याचा म्हणाला, हे मुरमुरे. आम्ही मुंबईची पोरं म्हणालो, कुरमुरे. सांगलीवाला तिखट लावलेल्या चुरमुऱ्यांना भडंग म्हणायला लागला, तर खानदेशचा म्हणाला, आमच्याकडं असल्याला भत्ता म्हणतात. त्यावर सगळी टोळी ओरडली, भत्ता तर ठेकेदार खातो! हसून हसून पोटं दुखली. एकेका घासाला चार-चार नावं आणि कुणाला कुणाच्या नावाचा राग नाही.

मग माझा डबा पुढं आला. ह्यात काय हाय रे? आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, चुरा.

डब्यात तर आख्ख्या चकल्या, आख्खी शंकरपाळी. एकानं विचारलं, चुरा कुठाय ह्याच्यात? मी म्हणालो, घरात म्हणतात तसं. मुकादमानं एकदा माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं असावं. तो वाईट माणूस नाही. हळूच म्हणाला, असले शब्द घरात ठेवायचे रे, चारचौघांत फराळ म्हणायचं.

नेवरी चालते. कानवला चालतो. भत्ता चालतो. चुरा घरात ठेवायचा. का?

आता चुरा म्हणजे काय ते सांगतो.

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. वर पश्चिमेला सरळ भीमाशंकरचा डोंगर. आजी तिथलीच. धर्मांतराच्या वेळी, 1956 साली, ती दहा वर्षांची पोर. तोवर घरात महारकी चालू होती. पाडव्याच्या सकाळी तिची आई पाटी घेऊन गावात सण मागायला निघायची आणि आजी तिच्या मागं. घराघरापुढं उभं राहायचं, उंबऱ्याला शिवायचं नाही, हाळी द्यायची. आतली बाई यायची आणि वरनं पाटीत टाकायची. वरनं, म्हणजे हाताला हात लागू नये इतक्या वरनं. काय टाकायची? तळताना फुटलेली करंजी. पहिल्या घाण्यात जळालेली चकली. तेल पिऊन बसलेला अनारसा. आधीच तुटकं, त्यात वरनं पडलेलं, त्यावर पुढच्या घरचं पडलेलं, त्यावर शिळी भाकर. चाळीस घरं फिरून पाटी घरी आली की आतमध्ये कशालाच आकार राहिलेला नसायचा. गोड तिखटात, तिखट गोडात. पणजी ते धडप्यावर ओतायची आणि पोरं भोवतीनं बसायची. आजी सांगते, 'गुळाचा तुकडा गावला की मूठ झाकून घ्याची, न्हायतर भाऊ हिसकून घ्याचा. चुरा म्हंजी आमची दिवाळी. दुसरी कंची दिवाळी व्हती?'

हा आमच्या घरातला शब्द. तो कुणी गमतीनं पाडलेला नाही. ज्या रूपात वस्तू हातात आली त्या रूपाचं ते नाव आहे. आमच्या आज्यांनी आकार बघितलाच नव्हता, मग आकाराचं नाव कुठून आणणार?

लग्न होऊन आजी वरळीच्या चाळीत आली. आजा गिरणीत होता. तिथं शेजारणींच्या संगतीनं तिनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चकली पाडली. आख्खी. आणि खायच्या आधी मोडली. आजही मोडते. चकली हातात घेते, तिचे चार तुकडे करते, तळहातावर घेते, मगच तोंडात टाकते. लहानपणी आम्ही हसायचो. आता मला हसू येत नाही.

बघा आता गंमत. वारकऱ्यांच्या सप्त्यात शेवटच्या दिवशी काला होतो. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवायच्या, दही, लाह्या, लोणचं, जे असेल ते, आणि प्रसाद म्हणून वाटायचं. काल्याचं कीर्तन ऐकायला गाव लोटतं. दहा घरचं अन्न एकत्र झालं तर ते देवाचं. आमच्या पाटीत चाळीस घरचं अन्न एकत्र व्हायचं. ते प्रसाद झालं नाही. ते उष्टं झालं. कालवणं तेच, फरक फक्त पाटी कुणाच्या डोक्यावर आहे एवढाच.

तेव्हा खाण्याच्या नावात चव कमी आणि जात जास्त असते. पटत नसेल तर भीमाशंकरला चला.

2023 च्या महाशिवरात्रीला मी वर गेलो होतो. देवाला नाही. चुलतभाऊ मंचरहून जीप भरतो, त्या दिवशी त्याला हाताखाली माणूस पाहिजे होता. घोडेगाव, डिंभे करत वर. भीमाशंकरचं देऊळ खाली आहे, पायऱ्या उतरून जायचं, आणि दोन्ही अंगांना दुकानंच दुकानं. जागोजागी पाट्या, 'उपवासाचे पदार्थ मिळतील.' साबुदाण्याची खिचडी. बटाट्याचा कीस. उकडलेली रताळी. शेंगदाण्याचा लाडू. हिरवी मिरची. लोक भक्तीनं खात होते, पोट धरून खात होते.

आता हिशोब करा. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतून येतो. तोच कंद केरळात गरिबाचं पोट भरायचं अन्न. बटाटा अमेरिकेतला, त्याचं नावही पोर्तुगिजांकडून आलेलं. रताळं अमेरिकेतलं, शेंगदाणा अमेरिकेतला, मिरचीही तिकडचीच. म्हणजे पोर्तुगिजांची गलबतं इथं लागली नसती तर उपास करणाऱ्यांच्या ताटात वाटीभर पाणी उरलं असतं. ज्यांनी समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असं सांगितलं, त्यांनीच समुद्रावरून आलेल्या कंदाला उपासाचं पावित्र्य दिलं. कंद पवित्र झाला. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात राहिलेला माणूस मात्र शिवायचा राहिला नाही.

आणि 'फराळ' हा शब्द तरी काय आहे? फलाहार. फळं खाणं. चकलीत कुठलं फळ आहे? पण मोठ्यांनी तळणाला फलाहार म्हटलं तर ती संस्कृती, आणि आम्ही तुकड्यांना चुरा म्हटलं तर ती असंस्कृत भाषा.

शंकरपाळ्याचं तर अजून भारी. पायऱ्यांवर एक आजोबा नातवाला सांगत होते, हे शंकराचं आवडतं म्हणून शंकरपाळे. भीमाशंकरला ऐकायला बरं वाटतं. पण ह्या शंकराचा देवाशी काही संबंध नाही. मूळ शब्द फारसी, शकरपारा. शकर म्हणजे साखर, पारा म्हणजे तुकडा. साखरेचा तुकडा. मराठी तोंडात शकरचा शंकर झाला आणि लोकांनी त्याला पिंडीवर नेऊन बसवलं. मला त्यात वावगं वाटत नाही. शब्द फिरतात, तोंडातोंडांत झिजतात, बरंच आहे. माझा मुद्दा एवढाच की परक्या मुलखातला तुकडा देव होऊ शकतो, आणि आमच्या पाटीतल्या तुकड्याला नाव सांगायचीही चोरी.

आमच्या गावाकडं आषाढात गव्हाच्या पिठाच्या, गुळाच्या कापण्या तळतात. आखाड तळणं म्हणतात त्याला. लाटायचं, सुरीनं तिरकं कापायचं, तळायचं, वर खसखस. आकार शंकरपाळ्याचाच. मैदा आणि साखर घातली की शंकरपाळे, गहू आणि गूळ घातला की कापण्या. आई मुंबईत कापण्याच करायची, कारण गूळ होता. पण आम्ही भावंडं शाळेत डबा उघडताना शंकरपाळे म्हणायचो. आईच्या हाताची वस्तू आणि दुसऱ्याच्या घरचं नाव. असा खोटेपणा तुम्ही पण केलाय. मान हलवू नका, केलाय.

त्याच दिवशी वर गाड्या लावायच्या जागेवर एक म्हातारी बसलेली. महादेव कोळी समाजातली, जवळच्याच पाड्यावरची. पुढ्यात फडक्यावर नाचणी आणि बारीक पांढरं धान्य. मी म्हणालो, मावशी, भगर कशी दिली? ती म्हणाली, 'भगर तुमची. ही वरई हाय.' मी म्हणालो, उपासाला का? म्हणाली, 'उपास कशाचा? आमी रोज खातो.'

वर डोंगरउतारावर पिकते ती वरई. डोंगरातल्या माणसाचं ते रोजचं अन्न. तीच वरई सडून, पॉलिश होऊन पिशवीत बसली की भगर होते आणि शहरात एकादशी-शिवरात्रीला विकली जाते. तिच्या घरात ती गरिबी, ह्यांच्या घरात ती पुण्य. आणि त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, 1 फेब्रुवारी 2023 ला, दिल्लीत अर्थसंकल्प वाचताना ह्या भरडधान्यांना 'श्री अन्न' असं नाव जाहीर झालं. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून धरलं होतं. वरई, मग भगर, मग श्री अन्न. बारसं दोनदा झालं. पिकवणारीला दोन्ही वेळा आवतण नव्हतं.

रानमेवा ह्या शब्दाचंही तेच. मे महिन्यात भीमाशंकरच्या रस्त्याला पोरी पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन उभ्या असतात. गाडीतले उतरतात, म्हणतात, वा, रानमेवा! पोरी त्याला करवंद म्हणतात, जांभूळ म्हणतात. ज्याला रान हे फिरायचं ठिकाण आहे त्यालाच तो मेवा वाटतो. ज्याला रानातच राहायचं आहे त्याला ते दुपारचं खाणं असतं. 1973 च्या जाहीरनाम्यात पँथरनं दलित कोण हे सांगताना आदिवासींना, भूमिहीनांना, कामगारांना, स्त्रियांना एका ओळीत धरलं होतं. त्या पोरींकडं बघितलं की ती ओळ समजते.

आणि सरकार? 2022 च्या दिवाळीत सरकारनं रेशनवर शंभर रुपयांत रवा, हरभऱ्याची डाळ, साखर आणि पामतेल दिलं. नाव दिलं 'आनंदाचा शिधा'. आईनं रांगेत उभं राहून आणला, मीही त्यातलंच खाल्लं, नाकारत नाही. पण शब्द बघा. गावात शिधा कुणाला मिळायचा? भटजीला. कोरडा, मोजून, ताटात घालून, वर दक्षिणा. महाराला शिधा नव्हता, महाराला भाकरतुकडा होता. आम्हाला आज त्यांनी शिधा म्हणून दिलं ह्यात पदोन्नती झाली असं कुणाला वाटत असेल तर वाटो. मला त्यात तीच पाटी दिसली. फक्त ह्या वेळी पिशवीवर फोटो छापलेले होते.

इथवर आमचे कार्यकर्ते मित्र टाळ्या वाजवतील. आता त्यांना न आवडणारं बोलतो.

माझी थोरली बहीण शिकलेली आहे, नोकरीला आहे. तिच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा दिवाळीत पाहुणे आले. आपलेच लोक, बौद्धच. आजी आतून ओरडली, 'चुरा आणा गं पाव्हण्यांना!' ताईचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर ती आजीला म्हणाली, 'आजी, तू फराळ म्हणत जा ना.' आजी काही बोलली नाही. दोन दिवस घरात गप्प होती. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, 'मंग आता म्या काय म्हणू?' चुऱ्याचं नव्हती विचारत ती. एवढं आयुष्य ज्या शब्दांत काढलं ते सगळेच शब्द बंद करायचे का, असं विचारत होती. मला उत्तर देता आलं नाही.

ताई चुकीची आहे असं मी म्हणत नाही. तिचं म्हणणं असं, बाबासाहेबांनी हे सगळं सोडायला सांगितलं. एका मित्राचंही तेच. तो तर म्हणतो, दिवाळीच कशाला पाहिजे? चौदा एप्रिलला गोड करा, बुद्धपौर्णिमेला खीर करा. त्याचं खरं आहे. मलाही दिवाळीचा पुळका नाही. पण बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितलं ते नीट बघा. 1927 च्या मार्चमध्ये महाडला त्यांनी मेलेल्या ढोरांचं मांस सोडायला सांगितलं, उष्टं मागणं सोडायला सांगितलं. 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. पुढं 1958 च्या कायद्यानं महारवतन गेलं. सोडायचं होतं ते मागणं. वरनं टाकलेलं झेलणं. आणि ते आमच्या लोकांनी सोडलं, उपाशी राहून सोडलं. माझ्या पणजीनं पाटी फेकली ती एका दिवसात. त्या वर्षी घरात दिवाळी झाली नाही, आजी सांगते.

पण पाटी फेकली म्हणून पाटीची आठवण फेकायची असं कुठं सांगितलंय? बाबासाहेब तर पुरावे मांडणारा माणूस. आणि चुरा हा पुरावा आहे. तो पुसला तर उद्या कुणीही उठून म्हणेल, गावात सगळे गुण्यागोविंदानं राहत होते, दिवाळीला एकमेकांना फराळ वाटत होते. बोलतातच तसं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दर दिवाळीला असलंच छापून येतं, 'बारा बलुतेदारांच्या घरी जायचं फराळाचं ताट.' ताट? आजीला विचारा ताट होतं की पाटी. दया पवारांनी 1978 साली आपल्या पुस्तकाला 'बलुतं' हे नाव दिलं तेव्हा मागण्याचाच शब्द मुखपृष्ठावर छापला, लपवला नाही. शाहू पाटोळ्यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचं सगळं मांडलं. लाज लपवणाऱ्याला असते, मांडणाऱ्याला नसते.

दुसऱ्या बाजूनंही एक धोका आहे, तोही सांगतो. आज गावरान विकलं जातं. महामार्गावर पाट्या आहेत, 'चुलीवरचं', 'गावरान', 'अस्सल'. जुन्नर-आंबेगावची मासवडी तिथं मानानं मिळते. तिच्यात मास नाही की मासा नाही, बेसन, तीळ आणि खोबरं, तरी नावातल्या मासाची कुणाला लाज नाही. उद्या हेच लोक 'चुरा' पण विकतील. तिखट-गोड एकत्र, कागदी द्रोणात, वर नाव 'महारवाड्याची दिवाळी'. त्या दिवशी मी पहिला दगड मारीन. चुरा हा पदार्थ नाही. त्याची कृती सांगता येत नाही. तो चांगला लागत नव्हता. भूक होती म्हणून लागत होता. त्याची चव काढून विकणारा आणि त्याचं नाव दाबून टाकणारा, दोघं एकाच दुकानाचे मालक आहेत.

मग करायचं काय? मी क्रांतीचा कार्यक्रम देणार नाही, मी मॅट्रिक शिकलेला गोदीतला माणूस. एक साधं काम सांगतो. तुमच्या घरात सणासुदीच्या, सुट्टीच्या, जत्रेच्या खाण्याला आई काय म्हणते, आजी काय म्हणते, ते लिहा. कागदावर, नावासकट, ते नाव का पडलं त्याच्यासकट. भीमा भीमाशंकरला उगवते, कोरेगावावरून जाते, पंढरपुरात तिला चंद्रभागा म्हणतात. नाव बदललं तरी नकाशात ती नदी सापडते, कारण कुणीतरी दोन्ही नावं लिहून ठेवली. आपली नावं कुणी लिहिली नाहीत. म्हाताऱ्या एक एक करून चालल्यात. ह्या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. शुद्धलेखन तपासू नका, आजी जसं बोलते तसं लिहा. आणि आधी तिला विचारून लिहा. शब्द तिचा आहे.

आजीच्या प्रश्नाला मी उशिरा उत्तर दिलं. म्हणालो, आजे, तू चुराच म्हण. कुणी विचारलं तर पाटीचं सांग. ती म्हणाली, 'आन् पाव्हण्यांम्होरं?' मी म्हणालो, पाव्हण्यांम्होरं पण.

तिनं चकली हातात घेतली, मोडली, अर्धी मला दिली. ताई समोरच होती. ती काही बोलली नाही. पण तिनं पण हात पुढं केला.

जय भीम.